पूनहिल, अम्मी आणि बोंबलाची चटणी

सहा वर्षं ट्रेकिंग करतेय आणि सहा वर्षं प्रत्येक फॉर्मवर एकच खोटं लिहितेय. जेवण : व्हेज! घरी दापोलीला माशाशिवाय घास उतरत नाही, पण गडावर मी शुद्ध शाकाहारी. कारण सोपं आहे. पायथ्याच्या गावात रात्री रश्श्याचं पातेलं उतरल्यावर 'कोंबडी कुणी कापली?' असं विचारून अख्ख्या ग्रुपचा मूड कोण घालवणार? त्यापेक्षा पिठलं-भाकरी झिंदाबाद.

पण या वेळी सोबत अम्मी होती. वय ५८, गुडघे कुरकुरणारे आणि बर्फाचा डोंगर फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. अब्बा गेल्यापासून तिने प्रत्येक ट्रिप एकाच प्रश्नावर उडवून लावली होती, "तिथं खायचं काय, बाय?" तर मी ठरवलं, यंदा आधी खाण्याचं प्लॅनिंग, मग डोंगर.

ठिकाण निवडलं नेपाळमधलं घोरेपानी-पूनहिल. उंची ३,२१० मीटर, म्हणजे दमवणारी पण घाबरवणारी नाही. वाटेत दर तास-दोन तासांवर लॉज, त्यामुळे तंबू नको, ओझं नको. कुठेही थांबा, चहा मागवा. आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा व्होटर कार्ड पुरतं. अन्नपूर्णा परिसराचं परमिट सार्क देशांतल्या लोकांना एक हजार नेपाळी रुपयांत मिळतं, म्हणजे आपले साधारण सव्वासहाशे. ईद झाल्यावर, एप्रिलमध्ये निघालो. तेव्हा तिथल्या जंगलात लालीगुरांस फुललेला असतो.

आता मुद्द्याचं. काठमांडूत सोपं आहे. घंटाघराजवळ काश्मिरी तकिया आणि जामे अशा दोन मशिदी आहेत, आसपासच्या गल्ल्यांत हलाल जेवण मिळतं. पोखऱ्यातही लेकसाइडला हलालचा बोर्ड लावलेली काही हॉटेलं सापडतात. नेपाळच्या २०२१च्या जनगणनेत मुस्लिमांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आहे. इकडच्या डोंगराळ भागात तर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे चुरौटे मुसलमान आहेत. मूळ धंदा चुड्या विकायचा, म्हणून हे नाव. हे ऐकून अम्मीला अर्धा धीर आला. तिच्या माहेरच्या गावातही बांगडीवाले आपलेच!

खरी गंमत पोखरा सोडल्यावर सुरू होते. वर डोंगरात हलाल मटण विसरा. नेपाळात बकरा बहुतेक ठिकाणी एका घावात कापतात. शिवाय चिकन खालून कुणाच्या तरी पाठीवरून, फ्रिजशिवाय आलेलं असतं. जुने ट्रेकर्सही वर मांस खाऊ नका असंच सांगतात, त्यांचा धर्म कुठलाही असो. म्हणून आमचा फॉर्म्युला ठरला : मांस पोखऱ्यात, वर डाळभात, अंडी आणि... मासे! माशाला जबिहा लागत नाही ना. अम्मीने सुक्या बोंबलाच्या चटणीच्या दोन बरण्या भरल्या. बरण्यांवर पाच-पाच पिशव्या गुंडाळल्या, तरी जीपवाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

डाळभात मात्र राजा! एकदा घेतला की भात, डाळ, भाजी पोट भरेपर्यंत वाढतात. फक्त एक लक्षात ठेवा, 'हलाल आहे का?' हा प्रश्न तिथे फुकट जातो. समोरची दीदी गोड हसून 'हो' म्हणते. नेमकं विचारायचं. याच कढईत डुकराचं काही तळलंय का? मोमोंचं भांडं वेगळं आहे का? भाजीत रक्सी, म्हणजे तिथली दारू, घालत नाही ना? गाईडकडून आदल्या दिवशीच फोन करून घ्या, ऐन जेवणाच्या गर्दीत नको.

चालणं अगदी आरामात ठेवलं. उलेरीच्या बदनाम पायऱ्या तीन हजारांवर आहेत. आता जीप थेट उलेरीपर्यंत जाते, आम्ही जीपनेच गेलो. कट्टर ट्रेकर्स नाक मुरडतील. मुरडू देत, गुडघे अम्मीचे आहेत! रात्री उलेरीत राहिलो आणि दुसऱ्या दिवशी जंगलातून घोरेपानी. लोक चार-पाच तासांत पोचतात, आम्हाला आठ लागले.

घोरेपानीच्या लॉजवर अम्मी अडली. संध्याकाळी शेजारच्या टेबलावर पोर्कची प्लेट आली आणि तिने ताट बाजूला सरकवलं. "मला भूक नाय." मला एकदम रडूच आलं. एवढं प्लॅनिंग करून परत तेच! मी किचनच्या दारात गेले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा सगळं सरळ सांगितलं. आम्ही मुसलमान आहोत, आईला असं असं चालतं, असं चालत नाही. दीदी म्हणाली, "हुन्छ." चालेल! एवढंच. तिने अम्मीला आत बोलावलं, कोरं पातेलं घासून तिच्या हातात दिलं. तिचा नवरा काही वर्षं पुण्यात हॉटेलात कामाला होता, त्यामुळे हिंदी चांगलं. अर्ध्या तासाने दोघी चुलीपाशी बसून बोंबलाच्या चटणीवर चर्चा करत होत्या. दीदीला ती आवडली. मीच उगाच सहा वर्षं...

पहाटे चारला टॉर्च घेऊन पूनहिल चढलो. वर पोचलो तेव्हा उजाडायचं होतं, म्हणजे फजरची वेळ. नेपाळातून किबला जवळजवळ नाकासमोर पश्चिमेला येतो. फोटोवाल्यांच्या गर्दीपासून जरा लांब, गवतावर शाल अंथरून अम्मी उभी राहिली. उजव्या हाताला ८,१६७ मीटरचा धौलागिरी, आधी राखाडी, मग हळूहळू गुलाबी. सलाम फेरायला तिने मान उजवीकडे वळवली आणि ती तशीच राहिली. बराच वेळ. डाव्या बाजूचा सलाम जरा उशिराच झाला.

पुढे ताडापानी, मग घांद्रुक. दगडी छपरांचं देखणं गुरुंग गाव, समोर माच्छापुच्छ्रे. इथे एक रात्र जास्तच ठेवा, अंगणात बसून नुसता डोंगर बघायला. घांद्रुकहून जीपने खाली पोखऱ्याला आलो. त्या रात्री हलाल बोर्डाच्या हॉटेलात मी मटणावर तुटून पडले. अम्मीने दोन घास खाल्ले आणि वेटरला विचारलं, "डाळभात आहे का?"

दुसरी बरणी घोरेपानीच्या दीदीकडेच राहिली.