मालवाहू पिकअपचे मागील ब्रेक : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात पुढील चाकांच्या डिस्क ब्रेकचा विचार केला. आता ज्या अवयवाच्या बाबतीत मालक आणि कारागीर दोघेही सारखीच हयगय करतात, त्या मागील ड्रमकडे वळू. नाशिकचा भाजीपाला भरून रात्री कसारा घाट उतरणाऱ्या एखाद्या जुन्या पिकअपचा चालक ‘मागचे ब्रेक धरत नाहीत’ अशी तक्रार घेऊन येतो, तेव्हा बहुधा नवे लायनर बसविले जातात, आणि तेवढ्याने भागले नाही तर मोठ्या व्हील सिलिंडरची तजवीज होते. माझ्या मते येथे शक्ती बाहेरून आणण्याचे कारणच नसते. जी अंगभूत आहे आणि निगेअभावी गमावली गेली आहे, ती परत मिळवावयाची असते.

पेडल दाबताच तेलाच्या दाबाने व्हील सिलिंडरचे दट्टे बाहेर सरकतात आणि शू ड्रमच्या आतील भिंतीला टेकतात. मग ज्या शूवरून ड्रम दट्ट्याकडून टेकूच्या दिशेने फिरत जातो, त्या शूला घर्षणच ओढून ड्रममध्ये अधिक घट्ट रोवते. हे फुकटचे साहाय्य ड्रम ब्रेकचा मोठा गुण आहे. परंतु ते मिळते शू टेकल्यानंतर. लायनर झिजून फट वाढली की पेडलचा बराचसा प्रवास ती फट भरण्यातच खर्ची पडतो, आणि घाटात तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून आणखी दूर जात असल्यामुळे, सपाटीवर कसेबसे निभावणारे पेडल नेमके उतारावर पायाखालून खचते.

ही फट राखण्यासाठी आत दातेरी चाकाचा ॲडजस्टर असतो, आणि जुन्या गाडीत तो गंजून जखडलेला आढळणे हा जवळजवळ नियमच आहे. तो सोडवून आटे स्वच्छ करावेत, त्यांना आणि बॅकप्लेटवर शू जेथे घासतात त्या उंचवट्यांना उष्णता सोसणारे ग्रीस अगदी अल्प लावावे. डाव्या-उजव्या बाजूंच्या ॲडजस्टरचे आटे पुष्कळ गाड्यांत परस्परविरुद्ध असतात. त्यांची अदलाबदल झाली तर फट कमी होण्याऐवजी वाढत जाते. पेडल खोल जाते म्हणून हँडब्रेकची केबल ताणणे हा तर निखालस चुकीचा मार्ग होय, कारण ताणलेली केबल शूला मूळ जागी परतू देत नाही आणि ॲडजस्टरचे काम बंद पाडते. आधी शू, मग केबल, हाच क्रम.

ड्रम लेथवर घेताना त्याच्यावर कोरलेली कमाल व्यासाची मर्यादा पाहिलीच पाहिजे. शिवाय व्यास वाढलेल्या ड्रमात नवा शू प्रथम केवळ मध्यभागी टेकतो. त्याची वक्रता ड्रमशी जुळवून घासून घेतली, तर पहिल्या दिवसापासून पूर्ण लायनर कामास येतो. एक्सलचे ऑइल सील गळून तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नयेत. ते तेल आतवर मुरलेले असते. सील आणि दोन्ही चाकांचे लायनर एकदम बदलावेत. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्याने ड्रममधील धूळ हवेच्या दाबाने कदापि उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कारागिराच्या फुप्फुसांचा हा प्रश्न आहे.

आता ज्याची कोणी दखल घेत नाही त्या लोड व्हाल्वविषयी. अनेक पिकअपमध्ये चॅसिसवर एक व्हाल्व असून त्याची दांडी मागील एक्सलला जोडलेली असते. हौदा रिकामा असताना मागील चाकांवर भार कमी, म्हणून ती लवकर जाम होऊन गाडीची पाठ घसरण्याचे भय. ते टाळण्यासाठी हा व्हाल्व मागील दाब घटवितो, आणि माल भरून चॅसिस खाली बसली की तो दाब पूर्ववत जाऊ देतो. चॅसिस व एक्सल यांतील अंतर हाच त्याच्यापाशी भाराचा एकमेव दाखला. मालकाने अधिक माल लादण्यासाठी कमानीत एक पाटा वाढविला की गाडी भरूनही पुरेशी बसत नाही, व्हाल्व तिला रिकामीच समजतो, आणि जेव्हा मागील ब्रेकची सर्वाधिक निकड असते तेव्हाच त्यांचा दाब रोखून धरतो. उलटपक्षी, पाटे थकून बसले असतील तर रिकाम्या गाडीची मागील चाके जाम होतात. पाट्यांना हात लागला की उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे दांडीचे माप पुन्हा लावलेच पाहिजे. व्हाल्व काढून टाकण्याचा सल्ला मात्र कोणी दिला तरी मानू नये.

मोठ्या सिलिंडरचा मोह मी समजू शकतो. 19 मिलिमीटरऐवजी 22 मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर बसविला तर त्याच दाबात शूवरील बल सुमारे 34 टक्क्यांनी वाढते. पण तेलही त्याच प्रमाणात अधिक लागते, म्हणजे पेडल आणखी खोल जाते, आणि रिकाम्या गाडीची चाके जाम होण्याचे भय वाढते.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट 3 प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा 140 अंश आहे. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलून एअर काढावी. काम पुरे झाल्यावर मोकळ्या, सपाट रस्त्यावर कमी वेगाने दोनदा चाचणी घ्यावी: एकदा हौदा रिकामा ठेवून, एकदा नेहमीचा माल भरून.