डी ड्राइव्हवरच्या फोल्डरांना कुंपण कुठलं?

घरचा संगणक : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण घरातल्या प्रत्येकाला विंडोजमध्ये वेगळं खातं उघडून दिलं. त्या खात्यात पहिल्यांदा लॉग-इन केलं, की सी ड्राइव्हवरच्या 'यूजर्स'मध्ये त्या व्यक्तीचं फोल्डर आपोआप तयार होतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, सगळं त्याच्या पोटात. एक्सपीच्या काळात याच जागेचं नाव 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' होतं. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टाने ते सुटसुटीत केलं.

त्यात 'अ‍ॅपडेटा' नावाचं लपवलेलं फोल्डरही असतं. ब्राउझरचे बुकमार्क, साठवलेले पासवर्ड आणि तात्पुरत्या फायलींचा ढीग तिथे. चार खाती म्हणजे चार ढीग. सी ड्राइव्ह भरला की दोष लग्नाच्या फोटोंवर जातो, पण आधी हे ढीग तपासावेत. ज्याची त्याने, आपल्या खात्यात जाऊन, सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून सफाई करावी.

या फोल्डरांना कुंपण असतं. साध्या खात्यातून दुसऱ्याचं फोल्डर उघडायला गेलात तर विंडोज अडवते. एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर प्रत्येक फोल्डरासोबत एक यादी असते: कोणी वाचायचं, कोणी बदलायचं. तुमच्या फोल्डराच्या यादीत तुम्ही, खुद्द विंडोज आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर एवढेच असतात.

इथवर ठीक. पण आपल्याकडे महत्त्वाचं काही सी ड्राइव्हवर ठेवतं कोण? संगणक असेंबल करून देणाऱ्याने सी आणि डी असे भाग पाडून दिलेले असतात आणि 'उद्या फॉरमॅट मारावा लागला तर डी वाचेल' हे बजावलेलं असतं. सल्ला बरोबरच होता. त्यामुळे डीवर 'बाबा', 'ताई', 'दादा' अशी फोल्डरं उभी राहतात, आणि खाती वेगळी केल्यावरही ती तिथेच राहतात. डीच्या मूळ परवानग्या मात्र सैल असतात. संगणकात लॉग-इन करणारा कोणीही तिथलं वाचू शकतो, बदलू शकतो, पुसूही शकतो. फोल्डराला नाव 'बाबा' दिल्याने ते बाबांचं होत नाही.

उपाय असा. बाबांनी डीवरच्या आपल्या फोल्डरावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, मग सिक्युरिटी, मग अ‍ॅडव्हान्स्ड उघडावं. सर्वांत आधी यादीत स्वतःचं खातं 'फुल कंट्रोल' देऊन घालावं. हा क्रम चुकला तर स्वतःच बाहेर राहण्याची वेळ येऊ शकते. मग वरून येणारा वारसा 'डिसेबल इनहेरिटन्स'ने तोडावा, त्या वेळी आहेत त्या परवानग्या कायम ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि शेवटी 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' व 'यूजर्स' या दोन नोंदी काढाव्यात. सिक्युरिटी हा टॅबच दिसत नसेल तर ड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅटचा आहे. तिथे अशी यादीच नसते, त्यामुळे कुंपणही नाही.

त्यानंतर 'डॉक्युमेंट्स'च्या प्रॉपर्टीजमधल्या लोकेशनमध्ये जाऊन त्याचा पत्ता या फोल्डरात हलवता येतो. पत्ता म्हणून नुसता डी ड्राइव्ह कधीही देऊ नका, निस्तरताना नाकी नऊ येतात. दोघांना एकच फोल्डरही देऊ नये. आणि अ‍ॅपडेटा किंवा अख्खं 'यूजर्स' डीवर नेण्याच्या युक्त्या कोणी सांगितल्या तर ऐकून सोडून द्या. पुढे विंडोजचं मोठं अपडेट अडतं.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला मात्र हे कुंपण फारसं अडवत नाही. दुसऱ्याच्या फोल्डरावर त्याने 'कंटिन्यू' दाबलं, की प्रवेश मिळतो आणि तो कायमचा नोंदला जातो. म्हणून हा अधिकार घरात एकाच खात्याला असावा, आणि रोजच्या कामाला त्यानेही साधं खातं वापरावं. वेगळी फोल्डरं आणि पासवर्ड ही जोडी एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या सीटीएसएस या सामाईक संगणकव्यवस्थेत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आली होती. १९६२ मध्ये तिथल्याच अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, संगणकावर वाट्याला आलेला वेळ पुरेना म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली. मला तर हा माणूस आवडतो, पण घरात असा एखादा असेल तर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनचा विचार करावा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, की विंडोजच्या परवानग्यांना कोणी विचारत नाही.

सगळ्यांनी पाहायच्या गोष्टी, म्हणजे वीजबिलं, सहलीचे फोटो, 'पब्लिक' फोल्डरात ठेवाव्यात. तिथे कट-पेस्ट नको, कॉपी-पेस्ट करा. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाते, आणि मग बाकीच्यांना ती दिसते पण उघडत नाही.

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, तिचं खातं काढायचं आहे? सेटिंग्जमधून काढलंत तर खात्याबरोबर तिच्या फायलीही जातात. जुन्या कंट्रोल पॅनेलमधून काढा. तिथे 'कीप फाइल्स' असा पर्याय मिळतो, आणि तिचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे तुमच्या डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरात येऊन पडतात. अ‍ॅपडेटा त्यात येत नाही, तेव्हा ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड तिला आधीच काढून घ्यायला सांगा.