उलट्या रेघा

उजव्या हाताने शाईकाम करणाऱ्याच्या तिरक्या रेघा सहसा वर उजवीकडून खाली डावीकडे उतरतात. मनगटाची ठेवणच तशी. डावखुऱ्याच्या रेघा उलट पडतात. लिओनार्दोची रेखाटनं पारखताना जाणकार ही खूण बघतात.

दिवाळी अंकातल्या कथाचित्राला बहुधा काळी शाई आणि कागद एवढंच भांडवल. मधल्या सगळ्या छटा रेघांनी भरायच्या. टाक दौतीत बुडवायचा, कडेला निथळू द्यायचा, पहिली रेघ रद्दीवर ओढायची, मग चित्रावर. सावली गडद हवी तर दाब वाढवायचा नाही, रेघा जवळ आणायच्या. निब घाईत उचलली की रेघेच्या टोकाला बारीकसा आकडा उमटतो. माझ्या रेघांना तो आहे, आणि त्यावरून मी शिकताना पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

मध्यंतरी एका साड्यांच्या दुकानाची नवरात्रातली जाहिरात मोबाइलवर आली. नऊवारीतली बाई, हातात ताट, मागे वाड्याचा खांब. चित्र बरं वाटलं, पण पदर उजव्या खांद्यावर! मोठं करून पाहिलं. सावल्या डावखुऱ्याच्या, आणि रेघांच्या टोकांना माझा आकडा. कुणीतरी माझं चित्र आडवं उलटवून त्यात रंग भरले होते.

मूळ कथेत ही बाई भाकरीचं ताट घेऊन, अबोला धरलेल्या जावेच्या दारात उभी होती. (कथा चांगली होती, माझ्या चित्रापेक्षा चांगली.) जाहिरातीत ताटात भाकरीऐवजी दिवा आला होता, आणि ओठांच्या कोपऱ्यातली खाली वळलेली रेघ खोडून तिला हसरं केलं होतं. त्या एका रेघेसाठी मी कितीतरी कागद फुकट घालवले होते.

चित्रावरून चित्र शोधण्याची सोय आता फोनमध्येच असते. ती फाइलचं नाव बघत नाही, आकारांची ठेवण जुळवते. उलटवलेलं चित्र मात्र पुष्कळदा तिच्या हातून निसटतं. म्हणून मी माझा मूळ स्कॅनही उलटवून शोधला. मग ही बाई जागोजागी निघाली. कुठे पाककृतीच्या माथ्यावर, कुठे महिला दिनाच्या शुभेच्छांत. बहुतेक ठिकाणी खालची पट्टी कापलेली, कारण सही तिथेच होती.

चित्र हातोहात फिरलं याचा मला राग नाही. न विचारता लोकांनी ते घरी नेलं, तर बरंच वाटतं. पण सही आपोआप गळत नाही. ती कापायला कुणाला तरी बसावं लागतं. दलाल, मुळगावकर या चित्रकारांची नावं वाचकांच्या तोंडी बसली, त्यात चित्राखालच्या सहीचा वाटा मोठा होता.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं, की हक्क दुसऱ्याला दिले तरी ‘हे माझं’ म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार शाबूत राहतो. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर कलम १९ ती पाच वर्षं धरतं. आमचे व्यवहार मात्र ‘ताई, शुक्रवारपर्यंत द्याल ना?’ या फोनवर होतात.

दुकानाला मूळ चित्राचा फोटो आणि बिल पाठवलं. ‘नेटवर मिळालं, डिझायनरने घेतलं,’ असं उत्तर आलं. पुढे कोपऱ्यात माझं नावही झळकलं, बारीक अक्षरांत. बाई मात्र अजून हसतेच आहे, आणि बिलाचं कुणी काही बोललेलं नाही.