सावित्रीचे भोवरे आणि लेसरमधला अंधार

महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावून पोलादपूरच्या खडकाळ खोऱ्यातून महाडच्या सपाटीवर उतरणारी सावित्री आषाढात तांबड्या पाण्याने फुगली म्हणजे वळणावळणाला तिला जे भोवरे पडतात, ते काठावर उभे राहून ज्याने निवांतपणे न्याहाळले असतील, त्याच्या ध्यानात आले असेल की भोवऱ्यात सापडलेले सागाचे पान कधी मध्याभोवती घिरट्या घालते, कधी स्वतःभोवतीच गरगरते, आणि खुद्द मध्यावर पाणी नसून एक पोकळी असते. लेसरच्या प्रकाशातही असे भोवरे पाडता येतात. आणि गंमत अशी, की त्यांतील प्रकाशापेक्षा मधल्या पोकळीचेच शास्त्रज्ञांना अप्रूप अधिक.

प्रकाश हा तरंग असून त्याचे विद्युत्क्षेत्र ज्या दिशेने आंदोलने करते तिला ध्रुवण म्हणतात. ही दिशा एका रेषेत स्थिर असेल किंवा घड्याळाच्या काट्यासारखी फिरती असेल. फिरत्या, म्हणजे वर्तुळ-ध्रुवित, प्रकाशाच्या अंगी वस्तूला स्वतःभोवती फिरविण्याचे सामर्थ्य असते, हे बेथ याने 1936 साली धाग्याला टांगलेल्या स्फटिकाच्या चकतीवर प्रकाश सोडून सिद्ध केले. घिरट्यांचा उलगडा व्हावयास मात्र 1992 साल उजाडावे लागले. ॲलन, वुर्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या साली दाखविले, की तरंगाचा पृष्ठभाग मळसूत्रासारखा पिळलेला असेल तर त्या झोताच्या अंगी अक्षाभोवती फिरविणारा संवेग असतो. गोल जिन्यावर एक फेरा पुरा होताच आपण मजलाभर वर येतो, तद्वत् या झोतात एक फेरा पुरा होताच तरंग एका तरंगलांबीने सरकलेला असतो. मग ऐन अक्षावरच्या बिंदूने कोणती पायरी आपली मानावी? याचा निवाडा होत नाही. सगळ्या पायऱ्या तेथे एकवटतात, परस्परांचा जमाखर्च मिटतो, आणि बाकी शून्य, म्हणजे निव्वळ अंधार, उरतो.

साध्या भिंगापुढे ध्रुवणाची फारशी दखल घ्यावी लागत नाही. परंतु सूक्ष्मदर्शकाच्या प्रखर भिंगाने किरण चोहोबाजूंनी तिरपे वळवून एका बिंदूवर आणले, की त्यांच्याबरोबर विद्युत्क्षेत्रही कलते आणि ठिपक्याच्या आकाराचा हुकूम ध्रुवणाच्या हाती जातो. ध्रुवण बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे असेल, तर कललेली क्षेत्रे अक्षाच्या दिशेने एकवटून अतिशय बारीक, तेजस्वी ठिपका पडतो; ते चाकाच्या धावेसारखे गोल असेल, तर मध्य काळा राहतो. भोवऱ्याचा पीळ आणि वर्तुळ-ध्रुवणाची फिरकी एकाच दिशेची असेल, तर मध्यावरचा अंधार निखळ राहतो. उलट असेल, तर अक्षाच्या दिशेचे क्षेत्र तेथे शिरून तो नासवते. आता अंधार नासला म्हणून कोणाचे काय बिघडले, असे कोणी विचारील. स्टेफान हेल यांना ज्या सूक्ष्मदर्शकाबद्दल 2014 साली इतर दोघांसह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात एक लेसर पेशीतील रंगद्रव्य उजळवितो आणि दुसरा, कंकणाकृती लेसर कडेचे तेज विझवितो. उरतो तो मधला ठिपका, आबे याने 1873 साली आखून दिलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या हद्दीहून कितीतरी लहान. तेथे थोडा जरी प्रकाश झिरपला, तरी जे पाहावयाचे तेच विझते.

आपल्या राज्यातला दाखला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आहे. जयश्री धर्माधिकारी, दीपक माथुर आणि सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अवरक्त लेसरच्या केंद्रात पकडलेली तांबडी रक्तपेशी, निरोगी असो वा हिवतापाने ग्रासलेली, आपली चपटी चकती सोडून घडी पडल्यागत काडीसारखी झाली. पण एका रेषेत ध्रुवित अशा त्या प्रकाशात निरोगी पेशी स्वस्थ राहिली आणि रोगी पेशी फिरू लागली. भोवऱ्याचा थाट येथे नव्हता, होते नुसते ध्रुवण. तरी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या थंडी भरून येण्यावरून ओळखल्या गेलेल्या या रोगाची खूण एका पेशीच्या गरगरण्यात उमटावी, हे मला नोबेलच्या झगमगाटाहून अधिक मोलाचे वाटते.

ध्रुवणाची पहिली चाहूल 1669 साली बार्टोलिनला लागली ती आइसलंडच्या कॅल्साइटमधून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसल्या तेव्हा. आपला सह्याद्रीही तसाच थिजलेल्या लाव्ह्याचा, आणि त्याच्या पोकळ्यांतही कॅल्साइट सापडते. गारगोटी समजून उचललेला एखादा पारदर्शक तुकडा चाकूने चरा उमटण्याइतका मऊ निघाला, तर तो या मजकुरावर ठेवावा आणि पोलरॉइडचा गॉगल त्याच्यावर धरून हळूहळू फिरवावा: दुहेरी दिसणाऱ्या अक्षरांपैकी आधी एक मावळेल, आणि पाव फेऱ्यानंतर दुसरे.