सुदाम्याला निरोप कोण धाडणार?

वसतिगृहात एकत्र वाढलेली मुले पंचवीस-तीस वर्षांनी पुन्हा भेटायचे ठरवतात. तारखा निघतात, जुने फोटो पेटीबाहेर येतात, उत्साहाला उधाण येते. पण यादीतली काही नावे गप्पच राहतात. काशीच्या शाळांच्या निमित्ताने या स्नेहमेळाव्यांविषयी आणि त्या गप्प नावांविषयी थोडेसे...

शाळेतला मित्र आणि वसतिगृहातला मित्र यांत फरक असतो. शाळेतला मित्र घंटा झाली की आपल्या घरी जातो. वसतिगृहातला मित्र मात्र रात्री ताप चढला तर उशाशी बसतो, घरून आलेल्या लाडवांच्या डब्याचा वाटेकरी होतो आणि पहिल्या आठवड्यात पांघरुणात तोंड खुपसून कोण रडत होते, हेही त्यालाच ठाऊक असते. पुढे आयुष्यात आपण साहेब होतो, आजी-आजोबा होतो. पण त्या मित्रापुढे आपले जुने टोपणनावच चालते. म्हणून तर पन्नाशीच्या आसपास या माणसांची ओढ लागते. मुले मार्गी लागलेली असतात, आईवडील थकलेले किंवा गेलेले असतात आणि आपले बालपण पाहिलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलेली असतात.

काशी आणि आपली मुले

काशी म्हटले की आपल्याला गंगास्नान आणि विश्वेश्वर आठवतो. पण हे शहर शतकानुशतके विद्यार्थ्यांचेही आहे. आधुनिक काळात अॅनी बेझंट यांनी १८९८ साली तिथे सेंट्रल हिंदू कॉलेज सुरू केले. हेच कॉलेज पुढे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या बनारस हिंदू विद्यापीठाचा पाया ठरले. त्याच्या जोडीची शाळा कमच्छा भागात आजही भरते. थोर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर याच शाळेचे विद्यार्थी. त्यांचे वडील विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. १९५७ मध्ये काशीहून पदवी घेऊन नारळीकर केंब्रिजला गेले. त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या चार नगरांतले पहिले नगर काशीच! मे २०२५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

दुसरी शाळा राजघाटची. जे. कृष्णमूर्ती यांच्या प्रेरणेने १९३४ साली सुरू झालेली ही निवासी शाळा वरुणा आणि गंगा यांच्या संगमाजवळ, उंच काठावर आहे. मुले-मुली एकत्र शिकतात. जवळच मालवीय पूल आहे. खालून रेल्वे, वरून रस्ता. कृष्णमूर्ती स्वतः अनेक हिवाळ्यांत इथे येऊन राहत आणि मुलांशी बोलत. १९८५ च्या अखेरीस ते इथे शेवटचे येऊन गेले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. बेचाळीसच्या भूमिगत लढ्यातले आपले नगरचे अच्युतराव पटवर्धन काशीच्याच सेंट्रल हिंदू कॉलेजात शिकले, तिथेच त्यांनी अर्थशास्त्र शिकवले. राजकारण सोडल्यावर ते कृष्णमूर्तींच्या विचारांजवळ राहिले आणि १९९२ मध्ये काशीतच त्यांनी देह ठेवला. शिकायला गेलेल्या मुलाला एखादे गाव कसे कायमचे आपलेसे करते, याचे याहून बोलके उदाहरण कुठले?

घर सोडून शिकण्याचा हा अनुभव आता फक्त मोजक्या कुटुंबांपुरता उरलेला नाही. १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्या अमरावती इथे पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली आणि खेड्यापाड्यांतली हुशार मुले वसतिगृहात राहू लागली. या योजनेत नववीतली काही मुले वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये धाडली जातात. चौदा वर्षांचे मराठी पोर वर्षभर उत्तरेत राहते, हिंदीत भांडायला शिकते आणि परतताना स्टेशनवर रडते. अशी मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि एकमेकांचे पत्ते शोधत आहेत.

पहिला स्नेहमेळावा

खरे तर अशा भेटीची सर्वांत जुनी गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. कृष्ण आणि सुदामा हे सांदीपनींच्या आश्रमातले, म्हणजे वसतिगृहातलेच सोबती. आश्रम उज्जयिनीचा, पण गंमत अशी, की भागवतात सांदीपनींना 'काश्य', म्हणजे काशीचे, म्हटले आहे! सुदामा द्वारकेला पोचतो, तेव्हा कृष्ण त्याला मिळकतीबद्दल विचारत नाही. तो आठवण काढतो ती गुरुपत्नीने लाकडे आणायला पाठवले होते त्या वादळी रात्रीची. दोघे रानात कसे वाट चुकले, हातात हात धरून कसे भटकले त्याची. आजही जुने मित्र भेटले की पहिला तास याच गप्पांत जातो, नाही का?

मात्र त्या गोष्टीत आणखी एक गोष्ट आहे. सुदामा आपणहून निघालाच नव्हता. बायकोने मागे लागून धाडले, तेव्हा कुठे तो गेला. आणि पोह्यांची पुरचुंडी काखेत लपवून बसला. आजच्या यादीतली गप्प नावे याच सुदाम्याची असतात. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचा धंदा बुडालेला असतो. कुणाचा संसार मोडलेला, कुणाचे मूल दुरावलेले. व्हॉट्सअॅपच्या गटात रोज परदेशवाऱ्या, नव्या गाड्या आणि मुलांच्या पदव्या झळकू लागल्या, की हा माणूस फक्त वाचतो, लिहीत काहीच नाही. लोक म्हणतात, 'त्याला शिष्टपणा आला.' शिष्टपणा कसला? तो पुरचुंडी लपवतो आहे.

आणखी एक गप्प नाव असते ते वेगळ्या कारणाने. वसतिगृहात सगळ्यांचेच दिवस सुखाचे गेलेले नसतात. ज्याला वर्षभर चिडवले, ज्याला मोठ्या मुलांनी राबवले, त्याला त्या 'गमती' आठवून हसू येत नाही. अशा मित्राला चारचौघांत आग्रह करण्यापेक्षा ज्याने त्रास दिला त्याने एकट्याने फोन करून 'चुकले माझे' म्हणावे. आला तर आनंद, न आला तरी मनावरचे एक ओझे दोघांच्याही उतरेल.

मैत्री औषधासारखी

हा केवळ भावनेचा मामला नाही. अमेरिकेत १९३८ मध्ये हार्वर्डच्या २६८ विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा अभ्यास सुरू झाला. पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलेही त्यात धरली गेली. ऐंशीहून अधिक वर्षे हा अभ्यास चालू आहे. त्यातून पुढे आलेली मुख्य गोष्ट साधी आहे: उतारवयातले सुख आणि आरोग्य यांचा संबंध पैसा किंवा कीर्तीपेक्षा माणसांशी असलेल्या जिव्हाळ्याच्या नात्यांशी अधिक आहे. म्हणजे गप्प बसलेल्या मित्राला शोधणे हा नुसता उपचार नव्हे.

बेत आखताना

काशीत भेटायचे असेल तर काही गोष्टी आधीच ध्यानात घ्याव्यात.

तारीख : श्रावण-भाद्रपदात गंगेला पूर असतो आणि नावा बंद होतात. डिसेंबरअखेर ते जानेवारी दाट धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात. फेब्रुवारी-मार्च शाळांच्या बोर्डाच्या परीक्षांचा. कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी डोळ्यांचे पारणे फेडते, पण त्या दिवसांत खोल्यांचे भाव गगनाला भिडतात. तो सण टाळून नोव्हेंबरमधले दिवस निवडावेत. सकाळी कचोरी-जिलेबी आणि थंडी पडू लागली असेल तर मलइयो!

प्रवास : मुंबईहून महानगरी एक्स्प्रेस आहे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० नव्हे तर ६० दिवस आधी सुरू होते, हे विसरू नये. मुघलसराय स्टेशनचे नाव २०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झाले आहे. विश्वनाथाच्या आसपासच्या कितीतरी गल्ल्या डिसेंबर २०२१ मध्ये खुल्या झालेल्या धामात गेल्या. तुमच्या आठवणीतले दुकान तिथे नसेल, मन तयार ठेवावे.

यादी : वर्गातल्या मुलींना माहेरच्या नावाने शोधा. लग्नानंतर आडनाव, कधी नावही बदलल्याने त्याच सर्वांत जास्त हरवतात. जे हयात नाहीत त्यांची नावेही यादीत ठेवा आणि मेळाव्यात दोन मिनिटे त्यांच्यासाठी द्या. जमल्यास त्यांच्या घरच्यांनाही बोलवा.

खर्च : वर्गणी सर्वांना परवडेल इतकीच ठेवावी. ज्यांना अधिक देणे शक्य आहे त्यांनी एका विश्वासू मित्राकडे गुपचूप द्यावे आणि कुणाचे तिकीट कशातून निघाले हे त्या मित्राखेरीज कुणालाही कळू नये. उंची हॉटेलापेक्षा धर्मशाळा किंवा साधे अतिथिगृह बरे. एका खोलीत चौघे राहिले तर वसतिगृहच होईल की!

शाळा : आधी पत्र लिहून परवानगी घ्यावी. जुने शिक्षक, स्वयंपाकघरातली माणसे, रखवालदार यांना आवर्जून भेटावे. भेटवस्तूंचा थाट नको. ग्रंथालयासाठी पुस्तके किंवा एखाद्या मुलाच्या फीची जबाबदारी पुरे.

आणि सर्वांत आधी करायचे काम: गटावरचे निमंत्रण हे निमंत्रण नव्हे. गप्प असलेल्या प्रत्येक नावामागे एकेक मित्र नेमा. त्याने फोन करावा, जमले तर घरी जावे. 'काय करतोस हल्ली?' असे न विचारता 'ती वादळाची रात्र आठवते का रे?' असे विचारावे. कृष्णाने तेच केले होते. द्वारकेचे वैभव सुदाम्याने नंतर पाहिले. आधी कृष्ण धावत पुढे आला होता.