छत गेलं, तरी छताचं काम उरतंच

कराडहून पाटण, हेळवाक करत कोयनानगर गाठायचं आणि पुढं कुंभार्ली घाटानं चिपळूणकडं उतरायचं, हा रस्ता उघड्या जीपच्या शौकिनांना वेड लावतो. पाटण खोऱ्याला जीप नवी नाही. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांना बाजारपेठेशी जोडण्यात वडाप जीपांचा, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी जीपांचा, वाटा मोठा आहे. त्याच जातीच्या गाड्या आज हौसेनं घेतल्या जातात. कापडी हूड उतरतं, काच बॉनेटवर आडवी होते, रुंद टायर चढतात, मागं रोलबार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पाइपची कमान, उभा राहतो. या हौसेकडं पोरखेळ म्हणून पाहणं मला मान्य नाही. गाडीच्या रचनेशी इतकी जवळची ओळख दुसऱ्या कुठल्या छंदात क्वचितच होते. पण ती ओळख अर्धवट राहिली तर महागात पडते. छत ऊनपाऊस तर अडवतंच, शिवाय गाडीला पीळ पडू देत नाही, उलटल्यावर डोकं वाचवतं आणि हवेला वाट दाखवतं. छत काढलं तरी ही कामं शिल्लक राहतातच, आणि गाडी सजवण्याचा खर्च आधी त्यांच्यावर व्हायला हवा.

पहिलं काम पिळाचं. चपलांचा रिकामा खोका झाकण घट्ट लावून पिरगळून पाहा आणि मग झाकण काढून पिरगळा. फरक बोटांनाच कळतो. बंद आकार पिळाला जो विरोध करतो तो उघडा आकार करू शकत नाही. गणितात हा फरक थक्क करणारा आहे. २० मिलिमीटर त्रिज्येची, १ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी घेतली आणि तिला लांबीभर एक चीर दिली, तर तिचा पिळाला होणारा विरोध सुमारे बाराशे पटींनी घटतो. धातू तेवढाच, वजन तेवढंच, फक्त वेटोळं तुटलेलं. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चेसी नसते. तळ, खांब आणि छत मिळून एकच पेटी बनते. म्हणून अशा गाडीची उघडी आवृत्ती काढताना कारखान्याला दारांखालच्या पट्ट्या आणि तळ मजबूत करावे लागतात, आणि छत नसूनही ती गाडी बहुधा मूळ गाडीपेक्षा जड भरते. साध्या हॅचबॅकचं छत गॅरेजमध्ये ग्राइंडरनं कापणाऱ्याच्या हाती चीर दिलेली नळीच येते.

जीपची गोष्ट वेगळी, कारण ती मुळातच छताविना जन्मली. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप शिडीसारख्या चेसीवर उभी होती आणि भार त्या चेसीनंच पेलायचा होता. १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद या नावानं सुरू झालेल्या कंपनीनं १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तिथून सीजे-३बी, पुढं एमएम-५४० आणि २०१० सालची थार हा वंश चेसीवरच वाढला. हूड उतरवल्यानं या गाड्यांच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही. उलट त्यांच्या चेसीचे पन्हळीच्या आकाराचे लांब दांडे थोडे पिळले जातात, आणि खाचखळग्यांत चारही चाकं जमिनीला धरून ठेवायला त्याची मदतच होते. काही हौशी या पन्हळी पट्टी जोडून बंद करून घेतात. त्यानं ताठपणा नक्की वाढतो, पण आत शिरलेला चिखल बाहेर कसा पडणार? कोयनेच्या खोऱ्यात हा प्रश्न गौण नाही.

मग चेसी एवढी समर्थ असताना छताची आठवण कशाला, असा आक्षेप येईल. चेसी पायाखाली असते, डोक्यावर नसते, हे त्याचं उत्तर. विलीजच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर ४९ इंच, म्हणजे १.२४ मीटर. त्याचं निम्मं ६२ सेंटिमीटर. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून समजा ६५ सेंटिमीटरवर आहे. ६२ भागिले ६५ म्हणजे साधारण ०.९५. वळणावर बाजूला खेचणारं बल वजनाच्या ०.९५ पट झालं की गाडी, निदान कागदावर, कलंडते. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड अंदाजे ०.८ असते, म्हणजे कलंडण्याआधी गाडी घसरते आणि चालकाला सावध व्हायला क्षणभर मिळतो. आता गाडी उंच करणारं लिफ्ट किट आणि मोठे टायर बसवून गुरुत्वमध्य १० सेंटिमीटरनं वर नेला, तर आकडा ०.८३ वर येतो. तो क्षण जवळजवळ संपला. त्याहून धोकादायक आहे मागच्या हौद्यात रोलबारला धरून उभं राहणं. लिफ्ट न केलेल्या ११०० किलोच्या गाडीतही एकूण २६० किलो वजनाची चार माणसं बसली, तर गुरुत्वमध्य ७२ सेंटिमीटरच्या आसपास जातो. तीच चौघं उभी राहिली तर ८३ वर. तेव्हा भागाकार ०.७५ होतो आणि गाडी घसरण्याआधी उलटू शकते. स्प्रिंगांचा आणि टायरचा झुकाव धरला तर प्रत्यक्ष आकडे याहूनही वाईट. अमेरिकेत १९८० च्या सुमारास सीजे-५ जीप उलटण्यावरून मोठा वाद झाला होता. पुढं रँग्लर आली ती चाकांमधलं अंतर वाढवून आणि उंची उतरवून.

म्हणूनच रोलबार हा माझ्या मते उघड्या जीपवरचा पहिला खर्च. तो फक्त फोटोसाठी नसावा. नळीची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीपेक्षा व्यासानं झपाट्यानं वाढते: जाडी दुप्पट केली तर ताकद साधारण दुप्पट, पण त्याच जाडीत व्यास दीडपट केला तर ताठपणा तिपटीहून अधिक. ग्रिल-गेट करणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात पाण्याचा जीआय पाइप वाकवून मिळतो आणि तो दिसतोही झकास. पण तो पाणी वाहून न्यायला बनवलेला असतो, आणि त्यावर वेल्डिंग करताना निघणारा जस्ताचा धूर फिटरला आजारी पाडतो. रोलबार टेकवायचा तो चेसीच्या आधारावर. नुसत्या पत्र्यावर बोल्ट कसला तर उलटताना तो पत्रा फाडून खाली घुसेल. आणि सीटबेल्ट नसेल तर हाच पाइप डोक्यावर आदळणारी पहिली वस्तू ठरतो. २०२० च्या ऑक्टोबरात आलेल्या नव्या थारमध्ये रोलकेज कारखान्यातूनच येतो, आणि त्याच वर्षी ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत तिला चार तारे मिळाले. उघडेपणा आणि सुरक्षितता एकत्र नांदू शकतात, याचा हा जवळचा पुरावा.

यावर जुनी मंडळी म्हणतात, वडाप जीपा वर्षानुवर्षं रोलबारविना घाट चढल्या-उतरल्या, काय बिघडलं? त्या जीपा भरगच्च असत आणि सावकाश चालत. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते; चाळीसऐवजी ऐंशीच्या वेगानं आदळणारी गाडी चौपट ऊर्जा घेऊन येते. शिवाय त्या काळीही अपघात होत, आणि छत नसलेल्या गाडीतली माणसं बाहेर फेकली जात. दुसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो रास्त आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद झाली. कंपनीनंच दिलेलं हूड उतरवणं वेगळं आणि पक्कं छत कापणं वेगळं. शंका असेल तिथं आरटीओत विचारून घेण्यात हौसेचा अपमान नाही.

हवेचं काम मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाटणजवळच्या सडावाघापूरला पावसाळ्यात उलटा धबधबा पाहायला गर्दी होते. कड्यावर आदळलेला वारा वर वळतो आणि पाण्याला सोबत उडवतो. जीपच्या उभ्या काचेवरही हेच घडतं. हवा काचेवरून वर उडते, मागं कमी दाबाची पोकळी राहते आणि ती भरायला हवा मागच्या बाजूनं आत शिरते. म्हणून उघड्या जीपमध्ये वारा मानेवर मागून लागतो, धूळ मागून येते आणि सायलेन्सर आखूड केला असेल तर धूरही. सायलेन्सरचा शेवट हौद्याच्या मागं, बाजूला काढणं आणि सीटमागं जाळीचा पडदा लावणं हे दोन स्वस्त बदल प्रवास सुखाचा करतात. हूड लावून ऐंशीच्या वेगानं गेलं की वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ३० किलो वजनाइतका होतो. त्यातला काही भाग ओढ बनून कापड वर फुगवतो, म्हणून हूडच्या पट्ट्या आणि बटणं दरवर्षी तपासायला हवीत.

आणि पाऊस. कोयना परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; अशा ठिकाणी उघड्या गाडीत पाणी येणारच, प्रश्न ते कुठून जाणार याचा. जीपच्या तळाला असलेली निचऱ्याची भोकं जाड मॅटखाली झाकली की पत्रा आणि रबर यांच्यात ओल अडकते, आणि अशा हवाबंद फटीत गंज उघड्या पत्र्यापेक्षा वेगानं खातो. चेसी बंद करून घेतली असेल तर तिलाही खालच्या बाजूनं भोकं हवीत. रोलबारचे बोल्ट, बॉडी आणि चेसी यांच्यातले रबर, हौद्याचे कोपरे या जागा जूनआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा खरवडून, वाळवून, रंग देऊन घ्याव्यात. सुती कॅनव्हासचं हूड भिजल्यावर त्याचे धागे फुगतात आणि विणीतली छिद्रं बंद होतात, म्हणून ते पाणी अडवतं. पण ओलंच गुंडाळून ठेवलं तर बुरशी धरतं. विनाईल कुजत नाही, मात्र ते वाफ बाहेर जाऊ देत नाही आणि पावसात आतून घाम धरतं. कोयनानगरला राहणाऱ्यानं कॅनव्हास घ्यावा आणि तो वाळत घालायला गोठ्यात किंवा पडवीत एक दोरी बांधून ठेवावी.