चिऊकाऊचा घास : परसातील पाखरांस काय घालावे

मालवणच्या बाजूस सकाळच्या प्रहरी कोणत्याही कौलारू घराच्या खळ्यात क्षणभर उभे राहावे, म्हणजे पाखरांची आणि माणसांची सोयरीक किती जुनी आहे हे ध्यानात येते. तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर दयाळ शेपटी उभारून शीळ घालीत असतो, जास्वंदीत शिंजीर लोंबकळत असतो आणि माडाच्या झावळीवरील कावळ्याचा डोळा स्वयंपाकघराच्या दाराकडे असतो. लहान मुलाला भरविताना एक घास चिऊचा व एक काऊचा काढण्याची रीत घरोघर आहे. पितृपंधरवड्यात कावळ्याला पान ठेवल्यावाचून घरची मंडळी जेवावयास बसत नाहीत. अशा घरांतून पाखरांना चार दाणे घालण्याची बुद्धी कोणी शिकवावी लागत नाही. शिकावयाचे असते ते इतकेच, की काय घालावे आणि काय घालू नये. कारण मायेने दिलेला परंतु अयोग्य असा घास पाखराच्या जिवावर बेतू शकतो.

या प्रश्नाचे निम्मे उत्तर पाखराची चोचच देते. चिमणी, मुनिया व सुगरण यांची चोच आखूड, जाड आणि टोकाशी निमुळती असते. ती दाणा सोलण्यासाठीच घडलेली आहे. दयाळाची चोच बारीक व सरळ. ती किडे टिपते. शिंजिराची चोच लांब व बाकदार. ती फुलाच्या तळाशी साठलेल्या मधुरसापर्यंत पोचते. तांबटाची दणकट चोच फळ फोडते आणि वाळक्या फांदीत घरट्यासाठी बीळही कोरते. तेव्हा शिंजिरापुढे तांदूळ पसरणे म्हणजे गोष्टीतल्या कोल्ह्याने करकोच्याला उथळ ताटात खीर वाढण्यासारखेच होय.

दाणे खाणाऱ्या पाखरांसाठी कोकणातल्या घरात निराळे काही आणावे लागत नाही. तांदळाच्या कण्या, नाचणी, वरी, बाजरी यांपैकी जे असेल ते चालते. मुनियेला बारीक दाणा बरा, कवड्याला थोडा जाड. मात्र येथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चिमणी स्वतः दाण्यांवर राहत असली, तरी आपल्या पिल्लांना पहिले काही दिवस ती मुख्यतः अळ्या व किडेच भरविते. वाढत्या अंगाला लागणारी प्रथिने त्यांतून मिळतात. नुसत्या कण्यांवर ते पिल्लू पोसले जात नाही. म्हणून खळ्यात कण्या टाकावयाच्या आणि परसातील वांगी-भेंड्यांवर कीटकनाशक फवारावयाचे, हे आईला जेवू घालून तिच्या तान्ह्याला उपाशी ठेवण्यासारखे आहे. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी दाणे टाकणे चांगलेच. परंतु परसाचा एखादा कोपरा बाराही महिने औषधावाचून ठेवणे हे त्याहून मोलाचे.

बुलबुल, कोकीळ, तांबट व हळद्या हे फळांचे भोक्ते. त्यांना पिकलेले केळे किंवा पपईची फोड ठेवावी. परंतु त्याहून सोपा उपाय म्हणजे झाडावरची सगळीच फळे न उतरविणे. पपई, जांभूळ, करवंद यांचा थोडा वाटा झाडावर राहू द्यावा. कढीलिंबाची काळी फळे माणसाच्या कामाची नसतात, पण बुलबुल ती आवडीने खातो. पिवळ्या कण्हेरीचे फळ माणसाला विषारी, कोकीळ मात्र ते खाऊन पचविते. यावरून एवढे दिसते, की माणसाची जीभ आणि माणसाचे पोट हे पाखराच्या अन्नाचे माप नव्हे. सर्वांत मोठे अन्नछत्र म्हणावे तर ते वड, पिंपळ व उंबर यांचे. ही झाडे वर्षातून वेगवेगळ्या वेळी फळतात, त्यामुळे यांपैकी कोठे ना कोठे पंगत चालू असतेच. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल याच फळांवर राहतो.

शिंजिरासाठी साखरेचे पाणी टांगण्याची हौस अलीकडे दिसते. किनाऱ्याच्या दमट उष्णतेत ते लवकरच आंबते व त्यात बुरशी धरते. रंग किंवा मध घातल्यास अधिकच वाईट. त्यापेक्षा कुंपणाला जास्वंद, विहिरीच्या पन्हळीपाशी केळ आणि बांधावर पांगारा लावावा. डॉ. सालिम अली यांनी 1932 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील फुले व पक्षी यांच्या परस्परसंबंधांवर लेखन केले. फूल पाखराला रस देते आणि पाखरू त्याचे पराग पोचविते, असा हा व्यवहार आहे. साखरेच्या पाण्यात देणे आहे, घेणे नाही.

आता न घालण्याच्या वस्तूंकडे वळू. शेव, फरसाण, वेफर्स व लोणच्याचा भात यांतील मीठ लहान पाखरांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणारे कुरव समुद्राचे खारे पाणी पितात, हे खरे. परंतु त्यांच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूस जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. चिमणीला वा बुलबुलाला ती सोय नाही. कुरवांनादेखील तळलेल्या गाठ्या भिरकाविणे हिताचे नव्हे. दुधातील साखर पाखरांना पचत नाही, म्हणून दूधपाव देऊ नये. नुसत्या पावाने पोट भरते, पोषण होत नाही. खवट व बुरशी आलेले शेंगदाणे तर विषच समजावे. 1960 साली इंग्लंडात बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, आणि त्याच्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा छडा लागला.

बुरशीचे भय सिंधुदुर्गात विशेष, कारण येथे वर्षाकाठी सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणून पावसाळ्यात दाणे पडवीखाली कोरड्या जागी, तासाभरात संपतील एवढेच टाकावेत आणि उरलेले झाडून काढावेत. ढीग घातला म्हणजे चिमणी दूर राहते आणि कबुतरे व उंदीर येतात. मुंबईत 2025 साली दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद झाला, हे सर्वश्रुत आहे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काही माणसांच्या फुप्फुसांना गंभीर विकार जडतो. भूतदयेलाही प्रमाण हवे, ते यासाठी.

दाण्यांहूनही मोठे दान पाण्याचे. वैशाखात खाडीकाठच्या कित्येक विहिरी मचूळ होतात. त्या वेळी मातीचे पसरट, दीड-दोन बोटे खोल असे भांडे गोड्या पाण्याने भरून, मांजराला दबा धरता येणार नाही अशा उघड्या जागी ठेवावे. पाणी रोज बदलावे. नाहीतर पाखरांऐवजी डासच पोसले जातील.

घरट्यातून पडलेले पिल्लू दिसले, की घरातील मुले त्याच्या चोचीत पाणी किंवा दूध ओततात. पाखराच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. ओतलेला थेंब तेथे शिरला तर पिल्लू गुदमरून मरते. पिसे न फुटलेले पिल्लू अलगद उचलून घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला आई टाकते, ही समजूत खोटी आहे. पिसे फुटून उड्या मारणारे पिल्लू मात्र जवळच्या झुडपात ठेवून दूर व्हावे. आईबाप जवळपासच असतात.

तात्पर्य, पाखरांना उत्तम अन्न घालणारा गृहस्थ तो नव्हे, की जो सर्वांत मोठी मूठ पसरतो. ज्याच्या परसात उंबर तोडलेला नाही, कुंपणाला जास्वंद आहे, भाजीवर चार अळ्या आहेत आणि भांड्यात ताजे पाणी आहे, तो न वाढताही रोज पंगत उठवितो. चिऊकाऊचा घास ताटातून काढण्याची रीत गोडच आहे. तो घास झाडावरही राखून ठेवला, तर पुढच्या पिढीतील आयांना मुलाला भरविताना दाखविण्यासाठी खळ्यात खरी चिऊ असेल.